गियरमध्ये उभी कर

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या पारखणाऱ्या त्या फिटरला सगळे ‘वैद्य’ म्हणत. नोकरी खाणीच्या वर्कशॉपमध्ये. सुट्टीच्या दिवशी मात्र डोंगरात गाडी घालण्याची हौस असलेली माणसे खरेदीआधी त्याला सोबत नेत. तो प्रथम बॉनेट उघडत नसे. पाठ टेकून गाडीखाली सरके, चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, नख फिरवून गंज पाही, आणि मग आत बसून लहान दांडीवर तळहात ठेवून डोळे मिटे. इंजिनाची ताकद दोन चाकांना जाणार की चारही, हे ती दांडी ठरवते. त्याने एकूण किती गाड्या तपासल्या याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. त्याच्या वहीत दोनशे अकरा पाने भरलेली आहेत, एका गाडीला एक पान.

शेवटचे पान भाच्याच्या गाडीचे. भाचा रुग्णालयात एक्स-रे काढत असे. आठवडाभर बंद खोलीत काम केल्यावर रविवारी उघड्यावर जावे, एवढीच त्याची इच्छा. त्याच्या आईला, म्हणजे वैद्याच्या थोरल्या बहिणीला, हे मान्य नव्हते. शेवटी ती म्हणाली, “मामा हो म्हणाला तरच घे.” भावाचा शब्द तिला काळ्या दगडावरची रेघ होता.

तपासणीला तीही आली आणि विक्रेत्याच्या पायरीवर पर्स मांडीत धरून बसली.

“मामा, खाली झोप लागली का?” भाच्याने वाकून विचारले.

“तू माणसांची हाडं बघतोस, मी हिची बघतोय.”

“माझ्याकडे निदान मशीन आहे.”

परतताना वैद्य म्हणाला, “घे. चासी सरळ आहे. हातब्रेक सैल आहे, तो बदलेपर्यंत चढावर गियरमध्ये उभी कर.”

“ऐकलंस ना?” आई म्हणाली. “तुझं अर्धं लक्ष कायम हवेत.”

तिसऱ्या रविवारी एक खडा चढ पार करून पुढच्या सौम्य चढावर भाचा थांबला. पायाखाली ब्रेक दाबून त्याने लहान दांडी चार चाकांवरून दोनवर ओढली. ती मध्येच अडकली. जुन्या गाड्यांत हे नेहमीचे. दांडी मध्यावर राहिली की चाकांचा गियरशी संबंध तुटतो आणि टाकलेला गियर गाडीला धरत नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने इंजिन बंद केले, पहिला गियर टाकला, हातब्रेक ओढला आणि पाण्याचा कॅन काढायला मागच्या दाराशी गेला. सैल ब्रेकने गाडी थोडा वेळ धरली. मग सोडली. मागे दगडी बांध होता, आणि मधे भाचा.

पोलिसांच्या कागदात नोंद आहे: मोठी दांडी पहिल्या गियरमध्ये, लहान दांडी मध्यावर, कारण चालकाचा निष्काळजीपणा. दुसऱ्या दिवशी वैद्याने तो कागद वाचला आणि त्याला सगळे कळले. उभ्या गाडीची लहान दांडी नीट बसली आहे ना, हे खाणीतल्या प्रत्येक फिटरचा हात आपसूक चाचपतो. ती सांगायची गोष्ट आहे, हे त्याच्या मनात कधी आलेच नव्हते. दोनशे अकरा पानांत तसा एकही शब्द नाही.

बहिणीला यातले काही ठाऊक नव्हते. “एक गोष्ट सांगितली होती, तीही त्याला जमली नाही,” असे ती येईल त्याला सांगे. वैद्य एकटाच राहणारा. दोन्ही वेळ जेवायला तिच्याकडे. समोर बसून तो हे ऐके आणि मूग गिळून घास घेई. बोललो तर हे एकच घर तुटेल, याची त्याला भीती होती.

तीन महिन्यांनी एका दुपारी त्याने घास खाली ठेवला.

“ताई, त्यानं गियर टाकला होता.”

“गेलेल्याची बाजू नको घेऊस.”

“बाजू नाही. मी सांगितलं तेवढं सगळं केलं त्यानं. मीच अर्धं सांगितलं.” आणि त्याने तिला दांडीचा सगळा प्रकार समजावला.



“तुला कधी कळलं हे?”

“दुसऱ्याच दिवशी.”

“म्हणजे तीन महिने मी माझ्या पोराला बोल लावतेय, आणि तू समोर बसून जेवतोयस.”

ती उठली, मुलाच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले. शेजारीण सांगते की आत ती मोठ्याने मुलाची माफी मागत होती. वैद्य म्हणतो, त्याला काहीच ऐकू आले नाही. त्या घरात तो पुन्हा गेलेला नाही, याबाबत मात्र दोघांचे एकमत आहे.