कुंपणापलीकडची पिल्लं

त्सुकुबाला लेकाकडे राहतो, तिथं कुंपणापलीकडं एक जपानी म्हातारी कोंबडीची पिल्लं पाळते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी ती उकिडवी बसून कोंडा, माशांचा चुरा आणि बारीक चिरलेला पाला कालवते, वर चिमूटभर बारीक खडे टाकते. एवढ्या निगुतीनं आमच्याकडं जावयालाही वाढत नाहीत. मी शाळा चौथीत सोडली, पण कोंबड्या जन्मभर पाळल्या. म्हणून रोज गुपचूप मूठभर भात पलीकडं टाकायचो. पिल्लं भातावर तुटून पडायची आणि तिनं कालवलेलं तसंच राहायचं.

महिन्याभरात एक पिल्लू लंगडू लागलं. म्हातारी ते ओंजळीत घेऊन कुंपणाशी आली आणि हळू आवाजात काही बोलली. सूनबाईनं हसू दाबत सांगितलं, "बाबा, त्या विचारतायत, तुमच्याकडं लहान मुलांना नुसता भातच घालतात का?"

"आमच्या कोंबड्या उकिरड्यावर चरून वाढल्या, सांग तिला," मी म्हणालो. म्हणालो खरा, आणि तिथंच अडकलो. उकिरड्यावर किडे होते, पाला होता, खडे होते. भात तेवढा कधी नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी भात बंद केला आणि परसात खणून गांडुळं द्यायला लागलो. पिल्लू आता धावतं. चुकलो असं मी अजून म्हटलेलं नाही. म्हातारी वाकून नमस्कार करते, आणि फार मोठी गांडुळं निवडून मला परत देते.