बागेत शेंगा फोडताना

वडील गेल्यापासून आईनं उंबरा ओलांडला नव्हता. रडलीही नव्हती. त्यांच्यासाठी कुणाचा फोन आला की "ते घरात न्हाईत" एवढंच सांगायची, आणि ते खोटं नसल्यामुळे मला मध्ये बोलता येत नव्हतं. हे असं किती दिवस चालणार, याची मला आता भीती वाटायला लागली होती.

शेवटी मी तिला आमच्या पेठेतल्या बागेत न्यायचं ठरवलं. ब्रिटिशांच्या अमदानीतली बाग. ती कुणी बांधली हे सांगणारी दगडी पाटी फाटकावर आहे. रंगाऱ्यांनी दरवेळी फाटकाबरोबर पाटीही रंगवल्यामुळे बाग कुणी बांधली ते आता कुणालाच ठाऊक नाही.

"बागेत जाऊन करायचं काय?" आई म्हणाली.

"बसायचं."

"नुसतं?"

चारचौघांत रिकाम्या हातानं बसणं आमच्याकडे बाईमाणसाला शोभत नाही. आईनं पिशवीभर शेंगा घेतल्या. चटणीला लागतातच.

बाकावर बसून तिनं शेंगा पदरात ओतल्या आणि फोडायला सुरुवात केली. दाणे डब्यात, टरफलं पिशवीत. फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी "कशा दिल्या?" म्हणून विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं त्यांना मूठभर दिल्या, ते खात खात पुढं गेले. मग रखवालदार आला.

"मावशी, हितं इकायची परवानगी न्हाय."

"इकतंय कोण? फोडतीय की."

"मग घरी फोडा की."

"घरीच फोडत हुते. हिनं आणलं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. बागेचा नियम मीच मोडल्याचं ठरलं आणि रखवालदार समाधानानं निघून गेला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला आईच्याच वयाच्या एक बाई होत्या. त्या नुसत्याच बसल्या होत्या. आईला ते फारसं पसंत नसावं. त्यांनी विचारलं, "मालक काय करत्यात तुमचे?"

मी घाईघाईनं भलतंच काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"वारले," आई म्हणाली. "दिवाळी झाल्यावर."

आईच्या हातातली शेंग काही केल्या फुटेना.

बाई जवळ सरकल्या. आईच्या पदरातल्या ओंजळभर शेंगा त्यांनी आपल्या पदरात घेतल्या.

"आमचे बी," म्हणाल्या, आणि फोडायला लागल्या.

तेव्हा आई रडली. खूप रडली. दोघींचे हात मात्र चालू होते.