चित्त्याशी बोलणारी चंद्राक्का

२०१० सालची गोष्ट. हुमनाबादच्या स्टँडवर बसच्या पाट्या कानडीत होत्या आणि माझं कानडी 'ऊटा आयता' (जेवण झालं का) याच्या पुढे जात नाही. कुणाला विचारण्यात कमीपणा वाटला, म्हणून अंदाजानं चढलो आणि मुडबीऐवजी निर्ण्याला जाऊन उतरलो. तिथल्या लोकांनी पोटभर हसून घेतलं, मला योग्य बसमध्ये कोंबलं आणि दुपारी एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

मी आलो होतो चित्त्यासाठी. मुलांनो, चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे. सडपातळ, भरधाव पळणारा हा प्राणी तेव्हा आपल्या देशातून पार संपला होता. निजामाच्या काळी इथल्या एका जहागीरदाराकडे काळविटांच्या शिकारीसाठी पाळलेले चित्ते असत. ते सांभाळणाऱ्याची लेक चंद्राक्का (अक्का म्हणजे थोरली बहीण) मुडबीत राहते, असं कळलं होतं.

सत्तरी ओलांडलेल्या चंद्राक्कांनी आधी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रडायलात कामून (का)?" त्या म्हणाल्या. "अजून चित्ता तर सांगितलाच न्हाई."

पाळलेल्या चित्त्याला पिल्लं होत नसत. त्यामुळे प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. आणला की त्याला घरातल्या खाटेला बांधत आणि बायकापोरांना एकच काम असे: दिवसभर त्याच्याजवळ बसून बोलत राहायचं. माणसाच्या आवाजाची सवय झाली की तो माणसाळे. लहानगी चंद्रा या कामात पटाईत होती.

"काय बोलायचात त्याच्याशी?" मी विचारलं.

"काय बी. भाकर करपली, माय रागावली, समदं सांगायची. पण त्यो पाखरावानी चिवचिव करून रडायचा बघा. डरकाळी न्हाईच त्याला. मंग मी म्हणायची, रडू नको, रानात तुजे भाऊ हायत, तुजी वाट बघायलेत. एक दिस जाशील."

तो काही गेला नाही. शिकारीला पळायचा, परत खाटेवर येऊन झोपायचा आणि तिथंच म्हातारा होऊन मेला.

चंद्राक्का जवळ सरकल्या. "तुमी देश फिरल्यालं माणूस. कुटं तरी असतील न्हवं त्याचे भाऊ?"

एक गोड थाप मारावी, असं फार वाटलं. पण त्या इतक्या विश्वासानं बघत होत्या की धीर झाला नाही.

"नाहीत, अक्का. आपल्याकडे आता एकही उरला नाही."

"मंग त्या मुक्या जनावराला मी रोज खोटंच सांगितलं म्हना की."

"तेव्हा होते, अक्का. तेव्हा ते खरंच होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. पण पदर डोळ्यांना लावलाच. निघताना त्यांनी भाकरी बांधून दिली आणि मला त्यांच्याकडे नीट बघवेना.

परतीच्या बसमधून माळावर काळविटांचा कळप दिसला. शिंगं मागे टाकून नर उड्या मारत होते. आनंदानं मी शेजारच्या सीटवरच्या शेतकरी अप्पांना म्हणालो, "बघा, काळविटं अजून आहेत!" 'रानात तुजे भाऊ हायत' हा चंद्राक्कांनी खाटेजवळ दिलेला शब्द निदान यांच्या बाबतीत तरी खरा राहावा, एवढंच त्या क्षणी मनात होतं.

अप्पांनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. तंबाखू मळत म्हणाले, "असत्यातच की. कुटं जायलेत ती?"