जर्सी घालून दिवटी

"वर धर! अजून वर! सहा फूट सात इंच काय नुसतं आभाळ खाजवायला दिलेत का तुला?"

विक्रमदादा ओरडत होता. रिसॉर्टच्या दारात, सगळ्यांसमक्ष. आणि मी टीमची जर्सी घालून, हातात पेटती दिवटी धरून उभा. पुण्याहून पाहुण्यांच्या गाड्या येत होत्या. काचा खाली व्हायच्या, मोबाईल बाहेर यायचे. एका बाईंनी पोराला माझ्या गुडघ्याशी उभं करून फोटो काढला. नाव विचारलं नाही. उंची विचारली.

उंचीचं सांगतो. मी जन्मलो तेव्हा डोकं धुऊन, पुसून, टोपरं घालून झालं तरी पाय यायचेच होते. शाळेची चड्डी शिंप्याकडून घरी आणेपर्यंत आखूड व्हायची. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून आपटून शेवटी टेंगूळ चौकटीला आलं. मी मुळशीच्या पाण्यात उतरलो की धरणाची पातळी वाढते, असं पार पिरंगुटपर्यंत लोक सांगतात. मीच सांगितलंय त्यांना.

उरवड्याच्या कारखान्यात हेल्पर होतो. आवारात एक गंजलेली रिंग होती. जेवणाच्या सुट्टीत तिच्यात बॉल टाकता टाकता एक दिवस देशाच्या बास्केटबॉल लीगमध्ये निवड झाली. टीव्हीवर दिसणारी लीग! बौद्धवाडीनं असा गुलाल उधळला की आमची पांढरी म्हैस अजून गुलाबी आहे. आता म्हैस पांढरी नसते हे मला ठाऊक आहे.

पण इथून पुढचं सगळं खरं आहे. दुर्दैवानं.

सीझनभर टीम धरणाकाठच्या रिसॉर्टमध्ये ठेवलेली. परवानगीशिवाय गेटबाहेर पाय टाकायचा नाही. मधेच सोडलं तर दोन सीझन दुसऱ्या कुठल्याच टीमकडून खेळता येणार नाही, अशी करारातली अट. कोर्टवरून पाण्यापलीकडे माझं घर दिसायचं. आई दोरीवर लुगडं वाळत घालायची, ते दिसायचं. हाक मारली तर ऐकू गेली असती. मारायची नव्हती, सरावात लक्ष हवं.

आणि खेळायलाही मिळत नव्हतं. बाकावर बसायचं, इतरांना पाणी द्यायचं, टाळ्या वाजवायच्या. मात्र पोस्टरवर मी सगळ्यांत मोठा. मातीतला हिरा, असं लिहिलेलं. शेवटी कोच म्हणाले, "बेटा, पुणे वाले मैच में तू शुरू से खेलेगा." ते पंजाबचे, शब्दाला पक्के. मी वाडीत निरोप धाडला. सगळ्यांनी टेम्पो ठरवला.

आणि आदल्या संध्याकाळी ही दिवटी.

विक्रमदादा टीमचा मॅनेजर. रिसॉर्टची जमीन त्याच्या घरचीच, आजा गावचा पाटील. टीमच्या मालकांच्या पाहुण्यांचं पारंपरिक स्वागत करायचं, हे त्याच्या डोक्यातून निघालं. बाकीच्या खेळाडूंना फेटे. मला दिवटी.

"दादा, मलाच का?"

तो हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवायला त्याला टाचा उचलाव्या लागल्या.

"अरे, तुमचाच मान हाय त्यो. तुज्या आज्यानं आमच्या पालखीपुढं धरलीया. न्हाईतर उद्या बाकावर बस."

मान! जत्रेत पालखी देवळात जायची आणि माझा आजा बाहेर. उजेड आत चालायचा, माणूस नाही. तेल सांडून त्याच्या मनगटावर पडायचं. त्याचा डाग अजून आहे, भाजलेल्या पापडासारखा. पाटलाच्या तोंडावर त्यानं दिवटी ओढ्यात बुडवली, तेव्हा आज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. वाडीनं गावकीची कामं टाकली ती त्या दिवशी.

आणि मी? मी धरली. उद्याच्या सामन्यासाठी धरली. टेम्पो ठरलाय म्हणून धरली. हसलोसुद्धा फोटोत.

मग तेल ओघळलं. उजव्या मनगटावर. याच मनगटानं मी बॉल सोडतो. चटका बसला आणि मी खाली पाहिलं. हात माझा नव्हताच. आज्याचा होता.

"खाली का घेतली? ए खांबा! वर धर!"

दारात पितळी घंगाळ होतं. त्यात पाणी, वर गुलाबाच्या पाकळ्या. मी दिवटी उलटी केली आणि आत खुपसली. चर्र झालं. धूर असा उठला की लोणावळ्याच्या लोकांना धुकं वाटलं असेल. पाहुण्यांना तो कार्यक्रमातलाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

विक्रमदादानं नाही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी स्टेडियमात कोच माझ्याकडे न बघता म्हणाले, "सॉरी बेटा. ऊपर से आया है." मी बाकावर. मागं आख्खी वाडी माझ्या नावानं बोंबलतेय. आधी जोरात. मग कमी. मग गप्प. ती शांतता पाठीला लागत होती.

हाफ टाइमला विक्रमदादा वाकला. "एवढंच म्हण. दादा, चुकलं. आत्ता उतरवतो."

मैदान चार पावलांवर होतं. माझी तर दोनच.

"चुकलं ते धरली तेव्हा," मी म्हणालो. "विझवली ते न्हाई."

बसून राहिलो. आम्ही हरलो. रिंगखाली उंच माणूस कमी पडला, असं नंतर सगळे म्हणाले.

करार अजून संपलेला नाही. गेट तेच, पाणी तेच, पलीकडं घर तेच. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी कोर्टवर जातो. बाकावर बसवाल, बसेन. दुसऱ्याच्या दारात उजेड धरून उभा राहणार नाही. माझ्या पोरांच्या पोरांनाही राहू देणार नाही.

त्या दिवशी स्टेडियमबाहेर आजा टेम्पोला टेकून उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं माझं मनगट हातात घेतलं, फोड पाहिला, सोडून दिलं.

"तू विजवल्यावर मग अंधारात जेवली का लोकं?"

"नाही. दारावर मोठे लाइट होते. आधीपासून चालूच होते."

"व्हय," आजा म्हणाला. "आमच्या येळंला बी पाटलाकडं गॅसबत्ती व्हती."