धुरपदाची खाट

"पावण्याम्होरं जेवाण वाढायचं असतं, आपली नड न्हाई," म्हाळसा एकदा म्हणाली होती.

ती हे म्हणाली तेव्हा तिची लेक पूनम चुलीपुढं रडून सुजलेल्या डोळ्यांनी बसली होती. सांगण्यात खोट काहीच नव्हती. पण त्याच्यापायीच पूनमचं कॉलेज सुटायची वेळ आली होती.

म्हाळसाचा जन्म वाड्यावरचा. वाडा म्हणजे धनगरांचा मेंढरांसकट हलता तळ, आज या रानात तर उद्या त्या. लग्नानंतर हरिबाच्या वाड्यावरही ती तशीच चालत राहिली. घोड्याच्या पाठीवर लादता येईल तेवढाच संसार. जास्तीचं भांडं म्हणजे जास्तीचं ओझं, हे तिला लहानपणीच कळलं होतं. त्यामुळं आपल्याकडं काही नाही असं तिला कधी वाटलंच नाही. आपण हलके आहोत, एवढंच वाटायचं.

पूनम सहा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात वाडा घोड नदीच्या काठानं इनामगावला आला. सकाळी घोडी लादायची वेळ झाली तरी म्हाळसा उठली नाही. "मी आता म्होरं येत न्हाई. पोरीला साळंत घालायची हाय," एवढंच म्हणाली. हरिबानं बराच वेळ मेंढरांकडं बघितलं आणि तो पुढं गेला. ती थांबली. मातीच्या चार भिंती, वर पत्रे, आत सारवलेली जमीन. दुसऱ्याच्या रानात खुरपण, कांद्याच्या दिवसांत काढणी. हरिबा अधूनमधून यायचा. कळप दरवर्षी थोडा थोडा कमी होत होता. राहूच्या बाजूला ऊस निघालेल्या रानात शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे, त्याचे चार पैसे आणि ज्वारी मिळायची. त्यावर घर चालायचं.

पूनम बारावीला शास्त्र शाखेत चांगल्या मार्कांनी सुटली आणि शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेली. राहायला वसतिगृह, जेवायला मेस, प्रयोगशाळेची फी. हे सगळं पहिल्या वर्षी विद्यार्थी निधीतून भागलं. शिरूरच्या मिशनच्या जुन्या शाळेत शिकलेल्या काही जणांनी हा निधी उभा केला होता. जात विचारायची नाही, मार्क फार बघायचे नाहीत, नड बघायची, असा त्यांचा रिवाज. कारभार प्रेमाबाईंकडं होता. त्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आणि घरं बघायला जायचं काम विल्यम सरांकडं. त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं.

घर बघायला जावंच लागायचं, कारण उत्पन्नाच्या दाखल्यावर कुणाचाच विश्वास उरला नव्हता. विहीर, ऊस, दारात मोटारसायकल असलेल्याचाही दाखला गरिबाचाच निघायचा. म्हणून दुसऱ्या वर्षापासून सर जाऊन जे डोळ्यांनी बघतील ते खरं. मात्र कळवून जायचं. गरिबाच्या दारात अचानक उभं राहणं हा अपमान आहे, असं प्रेमाबाईंचं म्हणणं होतं.

पूनमची परीक्षा चालू होती. तिनं गावच्या एका बाईबरोबर निरोप धाडला: रविवारी निधीचे सर घर बघायला येतायत.

म्हाळसानं शनिवारी घर सारवलं. शेजारच्या धुरपदाची खाट आणली, तिच्याकडचीच गादी आणि फुलांची चादर. गिरणीवाल्या सर्जेरावांकडून टेबलफॅन. पेले तीन घरांतून. कोंबडा स्वतःचा. विल्यम सर आले तेव्हा त्यांना खाटेवर बसवलं, पंखा त्यांच्याकडं वळवला, रस्सा-भाकरी वाढली आणि निघताना टॉवेल, टोपी, नारळ दिला. सर दोनच्या एसटीनं परत गेले. हातात नारळ घेऊन त्यांनी दारातून एकदा मागं वळून घर बघितलं, आणि म्हाळसाला वाटलं, काम झालं.

सरांनी निधीच्या समितीला सांगितलं, "कुटुंब सुखी आहे. मदत दुसऱ्या कुणाला तरी द्यावी."

पूनम पुढच्या शनिवारी घरी आली ती हे घेऊनच.

"आये, त्यांना आपली हालत दाखवायची हुती. आन् तू बकरं कापलंस!"

"कोंबडा कापला. बकरं कापायची ऐपत असती तर त्यांना बोलावलं कशाला असतं?"

"हसू नकोस. पंखा लावलास तू! आपल्या घरात पंखा!"

"उकडत हुतं त्या माणसाला. घामानं निथळत आला हुता."

"अगं, पण ते गरिबी बघायला आले हुते!"

म्हाळसानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तिला हे खरोखरच कळत नव्हतं. रानात मेंढरं बसवायची असतात तेव्हा शेतकरी आधी कळप बघायला येतो. त्याच्यापुढं लंगडी, खरजुली मेंढरं कोण धरतं? उभा राहील असा कळप पुढं आणायचा. देणारा माणूस चांगलं बघून देतो, एवढा व्यवहार तिला चालता चालता कळला होता. पोरीवर कुणी पैसा लावणार असेल, तर हे घर पोरीला सांभाळणारं आहे हे त्याला दिसायला नको?

"आन् त्ये सोड," ती म्हणाली. मग तिनं पावण्याचं ते वाक्य म्हटलं.

"मग शिरूरला चल," पूनम म्हणाली. "आन् सांग त्यांना, सगळं मागून आणलं हुतं म्हणून. फी भरायला पंधरा दिस ऱ्हायलेत. न्हाई मिळाली तर मी इथंच. सुगीला खुरपं घेऊन तुझ्याबरोबर."

म्हाळसा लेकीच्या हातांकडं बघत राहिली. त्या हातांना अजून खुरप्याचे घट्टे नव्हते. मग ती म्हणाली, "शिरूरला येते. सांगायचं काय ते माझं मी बघते."

प्रेमाबाईंच्या घराच्या व्हरांड्यात चार खुर्च्या होत्या. पूनम कठड्याला टेकून उभी राहिली. म्हाळसा सरळ खुर्चीत बसली, पदर नीट केला आणि चहा यायची वाट बघितली. चहा पिऊन झाल्यावर बोलली.

"सर, तुमी आमचं घर बघितलं न्हाई."

विल्यम सर गोंधळले. "बाई, मी आलो होतो. जेवलोसुद्धा."

"जेवला. पर दोनच्या गाडीनं पळाला. येवढ्यात कुनाचं घर दिसतं?"

"मला जे दिसायचं ते दिसलं. खाट, गादी, पंखा…"

पूनम पुढं झाली. "सर, ते सगळं…"

"पूनम!" म्हाळसा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तरी पोरगी गप्प झाली. लोकांनी विश्वासानं वस्तू दिल्या होत्या. कुणाकडून काय मागितलं याची यादी परक्या व्हरांड्यात वाचायची नाही, हे म्हाळसानं एसटीतच ठरवलं होतं.

प्रेमाबाईंनी कप खाली ठेवला. आयुष्यभर दवाखान्यात त्यांनी कुठं दुखतंय ते न सांगणारी माणसं बघितली होती. "सर, दुसऱ्यांदा भेट देता येते आपल्याला," त्या म्हणाल्या. "तुम्ही परत जा."

"जातो. पण बाई, या वेळी स्वयंपाक करायचा नाही. मी डबा घेऊन येईन."

"डबा घेऊन यायचं असंल तर येऊच नका," म्हाळसा म्हणाली. "माझ्या दारात डबा उघडून बसनार, मी काय धर्मशाळा घातलीया?"

प्रेमाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. सरांनाही हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"पर येक हाय," म्हाळसा उठता उठता म्हणाली. "या बारीला शेवटच्या गाडीनं जायचं. दौंडकडनं येती, सांजच्याला. तवर बसायचं."

रविवारी सर आले तेव्हा घर हुबेहूब तसंच होतं. तीच खाट, तीच फुलांची चादर, तोच पंखा. सर मनातून वैतागले. ही बाई आपल्याला खेळवते आहे काय? पुरणपोळी आणि कटाची आमटी होती. पूनम वाढत होती, पण तिचं लक्ष आईच्या तोंडाकडं होतं. आईनं काय ठरवलंय ते तिलाही माहीत नव्हतं.

"टोपी घालून आला न्हाईत?" म्हाळसानं विचारलं.

"ऊन नव्हतं," सर म्हणाले.

"व्हय. आन् पोळी घ्या आनखी, ऊन नसलं तरी."

दोनची गाडी गेली. तिचा आवाज रस्त्यावरून नदीकडं विरत गेला. सर खाटेवर बसून राहिले. दुपार पत्र्यावर जड झाली. माणूस दुसऱ्याच्या घरात रिकामा बसला की त्याला भिंती दिसायला लागतात. भिंतीत एक खुंटी होती, तिच्यावर पूनमचं दप्तर. दुसरी खुंटीच नव्हती.

उन्हं कलल्यावर दारात धुरपदा आली. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "म्हाळसा, खाट न्हेऊ का गं? म्हाताऱ्याला आडवं व्हायचंय. दुपारपास्नं वट्ट्यावर बसलाय, पावण्याच्या नावानं बोटं मोडतोय."

"न्हे की. सर, जरा उठता का?"

सर उठले. पिशवी कुठं ठेवावी हे त्यांना सुचेना. दोघी बायकांनी गादी गुंडाळली आणि खाट उचलली. ती दारात तिरकी अडकली.

"आवो मास्तर, बघता काय? एक पाय धरा की!" धुरपदा म्हणाली.

सरांनी पाय धरला. खाट बाहेर आली, अंगण ओलांडून धुरपदाच्या घरात गेली. तिथं कोपऱ्यात सारवलेल्या जमिनीत चार खळगे होते, वर्षानुवर्षांच्या वजनानं पडलेले. खाटेचे चारी पाय त्यांत बरोबर बसले. सर ते बघत उभे राहिले. मग परत आले आणि म्हाळसाच्या घरात जिथं खाट होती ती जागा त्यांनी बघितली. जमीन सपाट होती, गुळगुळीत, कालची सारवलेली.

पूनमच्या ध्यानात आलं. तिनं आईकडं बघितलं. आई चूल पुसत होती.

सर्जेराव पंख्यासाठी आले. "काय मास्तर, वारं लागलं का?" म्हणाले, वायर गुंडाळली आणि पंखा काखेत मारून गेले. घरात एकदम शांत झालं. दुपारभर चाललेला तो एक आवाज या घराचा नव्हता, हे तो थांबल्यावर कळलं. मग पेले. पूनमनं धुऊन पालथे घातले होते. सरांनी एक उचलून उजेडाकडं धरला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. दुसऱ्यावर दुसरं, तिसऱ्यावर तिसरं. मागच्या खेपेला याच पेल्यातून ते पाणी प्यायले होते, आणि जन्मभर पोरांना उदाहरण नीट वाचायला सांगत आले होते. ज्याचा त्याचा पेला पूनम ज्याच्या त्याच्या घरी देऊन आली.

आता घरात चूल होती, एक पत्र्याची पेटी, खुंटीवरचं दप्तर. म्हाळसानं पेटीवरचं काळं घोंगडं काढलं, झटकलं आणि अंथरलं.

"बसा सर. हे आमचं हाय," ती म्हणाली. "आमच्याच मेंढरांची लोकर. माझ्या सासूनं सूत काढलंय."

ते ती ज्या ताठ मानेनं म्हणाली, तशी मान सरांनी पंखेवाल्या, खाटवाल्या घरांत फारशी बघितली नव्हती. ते बसले. घोंगडं अंगाला टोचत होतं आणि ऊबही देत होतं.

"बाई," ते म्हणाले, "त्या दिवशी व्हरांड्यात एका शब्दानं सांगितलं असतं, तर मला ही फेरी पडली नसती."

"फेरी पडली म्हनून पोळी मिळाली."

सर हसले. या वेळी त्यांनी हसू दाबलं नाही. पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर धरला आणि लिहिलं. मग पूनमला दिला. "वाच. आईला ऐकू दे."

पूनमनं वाचलं. "मागच्या भेटीत माझी पाहण्यात चूक झाली. या घराला मदतीची गरज आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत मदत चालू ठेवावी. पुन्हा भेटीची आवश्यकता नाही."

कागद खाली घेऊन ती आईकडं बघू लागली. सरही बघू लागले. काहीतरी बोललं जाईल, निदान हात तरी जोडले जातील, असं त्या दोघांनाही वाटलं असावं.

चुलीपाशी एक शेवटचं ताट उरलं होतं, सरांना वाढलेलं, कडेला धुरपदाच्या सुनेचं नाव असलेलं. म्हाळसानं ते पदरानं पुसलं. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून त्यात झाकून ठेवलेली पुरणपोळी ठेवली, वर तुपाचं बोट फिरवलं आणि फडकं झाकलं. लेकीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग ताट दोन्ही हातांत धरून, वाकून दारातून बाहेर पडली आणि धुरपदाच्या घराकडं निघाली.