आयव्हरची जागा

आयव्हर ट्रेगेन्झाला सोनं सापडत नाही, हे आमच्या कॉर्बेट फ्लॅट गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. छंद तसा आम्हा सगळ्यांनाच आहे. आमच्या पणजोबांनी इथल्या ओढ्यांतून सोनं उपसलं आणि त्यांच्या हातून सुटलेला चुरा आम्ही सुट्टीच्या दिवशी थाळ्या घेऊन शोधतो. दिवसभर गार पाण्याकाठी उकिडवं बसायचं, चावऱ्या माश्यांना रक्त पाजायचं आणि संध्याकाळी दोन कण बाटलीत टाकून पबमध्ये फुशारकी मारायची. आयव्हरच्या बाटलीत नुसतंच पाणी असायचं.

त्याला वाळू धुण्यात रस नव्हता, जागा शोधण्यात होता. ओढा कुठे वळतो, पुराचं पाणी कुठे मंदावतं, कुठल्या धोंड्यामागे जड वाळू बसली असेल, यावर तो तासन्‌तास बोलायचा. "धुवायला काय, गाढवालाही शिकवता येईल. जागा ओळखता आली पाहिजे," हे त्याचं पालुपद. आणि एवढं ओळखून खणलं की निघायचा चिखल. पबवाला फर्गस त्याला दर शुक्रवारी विचारायचा, "काय रे, उद्या कुठे जाणार? सांगून ठेव बाबा, म्हणजे आम्हाला ती जागा टाळता येईल."

त्याची बायको थेल्मा माझ्याबरोबर कामाला होती. गावाबाहेर पर्यटकांना सोनं धुवायला लावणारी एक शेड आहे, तिथे आम्ही दोघी. पर्यटकाला थाळी द्यायची, वाळू द्यायची आणि त्याला काहीतरी सापडेल याची काळजी घ्यायची. सोन्याचा कण अंगठ्याच्या नखात धरायचा, "अशी फिरवा हं" म्हणत हात थाळीत घालायचा आणि कण सोडून द्यायचा. मग बाई किंचाळते, नवरा फोटो काढतो, दोघं न्यूझीलंडचं कौतुक करत बसमध्ये चढतात. थेल्माचा हात माझ्यापेक्षा साफ होता. माझी चोरी एकदा एका जर्मन आजोबांनी पकडली होती, तिची कधीच कुणी पकडली नाही.

आयव्हरला हे अजिबात खपायचं नाही. "भामट्या आहात तुम्ही दोघी," तो म्हणायचा.

"आनंद देतो आम्ही लोकांना," मी म्हणायचे.

"खोटा."

"तुला खरा तरी कुठे मिळतोय?" थेल्मा हसत विचारायची, आणि तोही हसायचा.

मग लाकडाची गिरणी बंद पडली. आयव्हरने जन्मभर तिथे करवतींना धार लावली होती. ती गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसला तो बसलाच. दाढी करेना, बोलेना, शनिवारी थाळीही खाली काढेना. थेल्मा शेडमध्ये काम करता करता मधेच थांबायची. एकदा मला म्हणाली, "ऊना, मी घरी जाते ना, तेव्हा दार उघडायची भीती वाटते मला."

शेवटी एक दिवस तिने चहाचा थर्मास भरला, त्याला दंडाला धरून उठवलं आणि हॅन्लनच्या ओढ्यावर नेलं. संध्याकाळी तो ओल्या बुटांनी तसाच पबमध्ये आला आणि बाटली काउंटरवर ठेवली. आत तीन पिवळे कण होते. त्यानंतर तो तिथे जाईल तेव्हा काही ना काही मिळू लागलं. थेल्मा नेहमी बरोबर. ती विणकाम घेऊन त्याच्या शेजारी बसायची, मधूनच "दे जरा, मी फिरवते" म्हणायची. बाकी कुणालाही तो जवळ फिरकू द्यायचा नाही. जागेबाबत आम्ही सगळेच असे कंजूष, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

वावगं होतं ते सोनं. आमच्या ओढ्यांतलं सोनं तांदळाच्या कणीसारखं असतं, जाडसर आणि खडबडीत. हे होतं माशाच्या खवल्यासारखं पातळ. असं सोनं समुद्रकाठच्या काळ्या वाळूत मिळतं, लाटांनी कुटून चपटं केलेलं. फर्गसने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "आयव्हर, हे ओढ्याचं नाही. किनाऱ्याचं आहे."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. आयव्हरने काउंटरवर मूठ आपटली. "तेच तर! म्हणजे वरच्या पठाराखाली जुना समुद्रकिनारा गाडला गेलाय!"

आम्ही हसायला तोंड उघडलं आणि तसेच राहिलो. कारण हे वेड्याचं बोलणं नव्हतं. आमची जमीन समुद्रातून वर आलेली आहे. जुन्या लोकांना इतर ठिकाणी डोंगराच्या पोटात काळ्या वाळूचे पट्टे सापडले होते आणि त्यावर ते गबर झाले होते. हॅन्लनच्या वरही असेल एखादा, कुणाच्याच लक्षात न आलेला. त्या रात्री फर्गसने त्याला फुकट बिअर पाजली, आणि फर्गसने कुणाला काही फुकट दिल्याचं त्याआधी किंवा नंतर मी पाहिलेलं नाही.

नऊ वर्षं आयव्हर तो किनारा शोधत होता. श्रीमंत व्हायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. "आयुष्यात एकदा तरी मी जागा बरोबर ओळखली, ऊना," तो मला म्हणायचा, आणि तेवढ्यावर तो रोज सकाळी दाढी करून घराबाहेर पडायचा. त्याच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी थेल्मा गेली. छाती आधीपासूनच नाजूक होती, शेवटी न्यूमोनियाचं निमित्त झालं. त्यानंतर ओढ्याने हात आखडता घेतला. एक कण म्हणून निघेना. आयव्हरने पुराला दोष दिला, वाळू सरकली म्हणाला आणि आणखी वर, घळीत जाऊ लागला. एकदा पाय घसरून पाण्यात पडला, ओठ निळे करून घरी आला. डॉक्टरांनी हृदय तपासलं आणि ओढा बंद करायला सांगितलं. त्याने डॉक्टरच बंद केले.

मग त्याची मुलगी ग्लेनिस डोंगर ओलांडून ख्राइस्टचर्चहून आली. तिथे ती शाळेत शिकवते. बापाला न्यायचंच, असं ठरवून आली होती.

"येईन की," आयव्हर म्हणाला. "किनारा तिथे आहे एवढी एकदा खात्री पटू दे. एक कण दिसला तरी पुरे. मग दुसरे कुणी खणू देत, मी हलेन."

दुसऱ्या दिवशी ग्लेनिस माझ्याकडे आली ती पांढरीफटक. आईचं सामान आवरताना लोकरीच्या डब्यात मोहरीच्या चटणीची एक जुनी बरणी सापडली होती. तिच्या तळाशी चिमूटभर सोनं. थेल्माच्या आजोबांनी समुद्रकाठी काळी वाळू धुण्यात आयुष्य काढलं होतं, त्यांची ही ठेव. पातळ, चपटे कण.

मी बरणी उजेडात धरून पाहिली.

"ऊना आँटी, तुला माहीत होतं?"

"नाही गं. शप्पथ."

थेल्माचा मला इतका राग आला, की रडू आलं. शेडमध्ये दिवसभर परक्यांना फसवायचं आणि सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला. आणि माझ्याशी एक अक्षर बोलली नाही बया. मी ग्लेनिसला म्हटलं, "ही बरणी समुद्रात रिकामी कर आणि तोंड शिवून टाक."

"मग बाबा शोधत बसतील आणि एक दिवस त्या घळीतच जातील," ती म्हणाली. "एक कण दिसला की येतो म्हणालेत ना? मी दाखवते."

"तुझ्या आईने केलं तेवढं पुरे झालं गं."

पण ती ऐकणारी नव्हती. दोघांना एकटं सोडवेना, म्हणून मीही बरोबर गेले.

घळीच्या टोकाला, पठाराच्या पायथ्याशी आयव्हरने नवी जागा धरली होती. चारही बाजूंना झाडांवर, दगडांवर गुडघाभर शेवाळ. तो खणत होता, ग्लेनिस आईसारखीच थर्मास घेऊन शेजारी बसली. तिने दोन-तीन थाळ्या जाऊ दिल्या. मग म्हणाली, "बाबा, द्या, मी फिरवते जरा." इथेच वाढलेली पोर, युक्ती तिला लहानपणापासून येत होती. थाळी तिने परत दिली. त्याने पाणी हलकेच ओतत काळी वाळू मागे सारली आणि तळाशी तीन कण चमकले.

त्याचा चेहरा असा उजळला, की मीही क्षणभर खूश झाले. मग त्याने चष्मा वर सरकवून थाळी डोळ्यांशी नेली.

"पांढरे आहेत," तो म्हणाला. "पारा लागलाय."

किनाऱ्यावरचे जुने लोक बारीक सोनं पकडायला पारा वापरायचे. सोनं पाऱ्याला चिकटलं की फिकट पडतं. थेल्माने नऊ वर्षं निवडून निवडून स्वच्छ कण उचलले होते, बरणीच्या तळाशी उरले ते हे. ग्लेनिसला बिचारीला हे कुठून कळणार?

"म्हणजे इथे आधी कुणीतरी येऊन गेलंय," आयव्हर म्हणाला.

"हो ना!" मी लगेच उडी मारली. "जुने लोक कुठे कुठे पोचले होते मेले. किनारा आहेच रे, फक्त तुझ्याआधी कुणीतरी गाठला."

त्याने मानही हलवली. मला वाटलं, निभावलं. मग त्याने सभोवार नजर फिरवली. नजर त्याची पक्की होती, सोनं मिळो न मिळो.

"या जमिनीला माझ्याआधी कुणाचं फावडं लागलेलं नाही, ऊना," तो म्हणाला आणि ग्लेनिसकडे वळला. ती रडत होती. "कुठून आणलंस?"

"आईच्या डब्यातून."

तो दगडावर बसला. एक वेका पक्षी झाडीतून आला, पिशवीतून आमचं सँडविच ओढत घेऊन गेला, कुणी त्याला हाकललं नाही.

"सगळंच?" आयव्हरने विचारलं.

"आईचं फार प्रेम होतं तुमच्यावर, बाबा."

"ते नाही विचारलं मी."

"सगळंच असावं," ग्लेनिस म्हणाली.

परत येताना तो आमच्या पुढे चालत होता. प्रत्येक वळणावर थांबून पाणी पाहायची त्याची जुनी खोड, त्या दिवशी तो एकदाही थांबला नाही. ख्राइस्टचर्चला जायला आता त्याची ना नव्हती. ग्लेनिसला हवं होतं ते मिळालं, आणि ती सामान बांधताना मला म्हणाली, "मी हे काय करून बसले गं?" मी तिला जवळ घेतलं, पण काही केलं नाहीस, असं म्हणाले नाही.

निघायच्या दिवशी आयव्हर माझ्याकडे आला. मी व्हाइटबेटची, त्या बोटभर माशांची, धिरडी तळून समोर ठेवली. त्याने हात लावला नाही.

"कामावर आली की हसायची का गं ती मला? तुमच्या शेडमध्ये?"

"छे रे. मला तर पत्ताही लागू दिला नाही तिने."

"हसली असती तर बरं होतं." तो ताटलीकडे बघत राहिला. "फर्गसने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे ओढ्याचं नाही. मी अख्खा समुद्र डोंगरावर चढवला, पण शेजारी बसलेल्या बायकोकडे काही पाहिलं नाही."

"चहा तरी घे."

"शेवटच्या वर्षी ती खोकत होती, ऊना. बर्फाळ वारा असायचा. मी म्हणायचो, तू घरी थांब, मी जाऊन येतो. तर म्हणायची, मला आवडतं ओढ्यावर." बाहेर ग्लेनिसने गाडी चालू केली. तो उठला, दाराशी थांबला. "ती घरी थांबली असती, तर मला काही सापडलं नसतं. म्हणून यायची ना?"

मला 'नाही' म्हणता आलं नाही.