छपराच्या पुलाची मधली तुळई

रियाधमधल्या त्या बागेत शुक्रवारी फक्त कुटुंबांना आत सोडत. एकट्या पुरुषाला गेटवरूनच परत पाठवत. म्हणून आमच्याकडे कपाट बसवायला आलेला, कामगारांच्या कॅम्पात राहणारा रत्नागिरीकडचा सुतार अडखळत म्हणाला, "वहिनी, मला एकदा तुमच्याबरोबर न्याल का? तिथला छपराचा पूल आम्हीच बसवलाय."

मला मेलीला कौतुक वाटलं! त्याचा चेहरा उतरलेला होता, ते दिसायला हवं होतं. गेटवर नवऱ्याने "माझा भाऊ" म्हणून ठोकून दिलं.

पूल मूळचा जुन्या वस्तीतला, गल्लीवरून दोन घरं जोडणारा. वस्ती पाडली तेव्हा लाकडं सुटी करून बागेतल्या नकली ओढ्यावर परत जोडली होती. वर ही गर्दी! आमची लेक धावत जाऊन मधोमध उभी राहिली. सुतार मात्र चढलाच नाही. कडेने खाली वाकला आणि बोटाच्या पेरांनी तुळई ठोकू लागला. मग कान लावला.

"वहिनी, लेकीला खाली बोलवा."

"का हो?"

"बोलवा आधी!"

मी हाक मारली, तर वरून उत्तर आलं, "वन मिनिट, मम्मा!" काळा पायघोळ अबाया सावरत मी वर धावले आणि कार्टीला दंडाला धरून खाली आणलं.

"मधली तुळई आतून वाळवीने खाल्लीय," तो म्हणाला. "बसवतानाच फोरमनला सांगितलं होतं. तो म्हणाला, रंग मार, खलास. मी मारला. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. आज तर अगदीच बद्द वाजतेय. साहेब, तुम्हाला अरबी येतं, गार्डला सांगा ना."

नवरा गेटकडे बघत राहिला. "तो विचारेल, तुला कसं ठाऊक? मग इकाम्याचं कार्ड मागेल, त्यावरचं आडनाव बघेल. भाऊ म्हणून आणलंय तुला. तुझ्या मालकाला, कफीलला कळलं, माझ्या कफीलला कळलं, की दोघांनाही इंडियाला परत पाठवतील."

एरवी नवऱ्याला चार शब्द सुनावल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवशी मात्र "चला" म्हणाले ती मीच. त्याची लाज आजही वाटते.

सुतार खाली मान घालून पुढे चालत होता. गेटपाशी लेकीने वळून पाहिलं. तिच्याएवढीच एक मुलगी पुलावर, मघाच्या तिच्या जागेवर उभी राहून उड्या मारत आम्हाला हात हलवत होती.

"मम्मा, बाय कर ना तिला."

मी केलं.